धरणी स्थिरावल्यावर

आमचे एक जुने विद्यार्थी हिंगोली जिल्ह्यांत राहतात. 2024 च्या मार्च महिन्यांत, 21 तारखेस सकाळीं, त्या भागांत भूकंपाचे दोन धक्के बसले; त्यांपैकीं मोठ्याची तीव्रता 4.5 होती. पुढें जुलै महिन्यांत जवळजवळ तेवढाच आणखी एक धक्का बसला. या विद्यार्थ्याच्या घराचें कांहीं बिघडलें नाहीं. तथापि त्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं तेव्हांपासून माजघरांत निजणें सोडलें तें सोडलेंच. "मुलें हसतात, सुना कंटाळल्या आहेत, आई ऐकत नाहीं, तिची समजूत पडेल असें कांहीं आपण लिहावें," असें त्यांनीं आम्हांस कळविलें आहे.

पत्र वाचतांच आम्हांस तीस वर्षांमागची आमचीच एक चूक आठवली. ती सांगितल्यावांचून या विषयावर उपदेश करणें आम्हांस शोभणार नाहीं.

सन 1993. सप्टेंबरच्या 29 तारखेस अनंत चतुर्दशी होती. गणपति बोळवून दमलेले लोक निजले, आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनीं लातूर व धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांच्या सीमेवरील गांवें निजल्या जागीं गाडलीं गेलीं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ हीं नांवें त्या दिवशीं सर्व देशास ठाऊक झालीं. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास. जगाच्या मानानें हा कांहीं प्रचंड भूकंप नव्हे. परंतु प्राणहानि आठ ते दहा हजारांच्या घरांत गेली. घात केला तो घरांनीं. दोन-दोन फूट आणि त्याहूनहि जाड दगडी भिंती, सांध्यांत नुसता चिखल, आणि वर लांकडी तुळयांवर मातीचें जड माळवद. गळती थांबावी म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा मातीचा नवा थर. उन्हाळ्यांत जें घर गारवा देई, तेंच निजलेल्यांच्या अंगावर आलें. पुढें 52 गांवें मूळ जागेवरून हलवून नव्या जागीं वसवावीं लागलीं.

आम्ही तेव्हां सोलापुरास शिक्षक होतों. किल्लारी तेथून सुमारे 80 किलोमीटर. आमचा वाडा हादरला, मांडणीवरचीं भांडीं पडलीं, दोन ठिकाणचा गिलावा निघाला. कोणास इजा झाली नाहीं. परंतु त्या रात्रीपासून सारी आळी चौकांत, रस्त्यांत आणि शाळेच्या पटांगणांत निजूं लागली. दिवेलागण झाली कीं कंडी पिके. "आज रात्रीं दोन वाजतां येणार," "येत्या अमावास्येस शहर उरणार नाहीं." सांगितलें कोणीं, म्हणून विचारावें, तर तें कोणासच ठाऊक नसे.

कांहीं दिवसांनीं पुष्कळ लोक घरांत परतले. आमच्या काकू मात्र परतल्या नाहींत. आम्हीं त्यांस भूगर्भशास्त्र सांगून पाहिलें. तें चालेना, तेव्हां चौघांदेखत म्हणालों, "काकू, धरणीला तुमच्याच पलंगाशीं काय वैर आहे?" घर हसलें. काकू हसल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "अरे, धरणी कां हालते तें तुझ्या पुस्तकांत असेल. ती आतां थांबली, हें कोणत्या पुस्तकांत लिहिलें आहे?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीं त्या जेवल्या नाहींत.

पुढें कळलें कीं किल्लारीच्या परिसरांत 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांतच लहान लहान धक्के बसले होते. तेव्हां लोक भ्याले. मग धक्के थांबले आणि भीतिहि ओसरली. भिंती मात्र होत्या तशाच राहिल्या. तेथील लोकांची ती पहिली भीति खोटी होती असें आतां कोण म्हणेल? तिला करावयास काम मिळालें नाहीं, एवढेंच.

भीतीस खरें काम मिळालें नाहीं म्हणजे ती खोटें काम शोधते. त्यासच आपण अफवा म्हणतों. याचा फार उद्बोधक अभ्यास आपल्याच देशांत झालेला आहे. 15 जानेवारी 1934 रोजीं दुपारीं बिहार व नेपाळ हादरले आणि दहा हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यानंतर पाटण्याकडे ज्या अफवा उठल्या त्या जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनीं गोळा करून 1935 मध्यें प्रसिद्ध केल्या. गंगेचें पाणी एकाएकीं नाहींसें होऊन स्नान करणारे वाळूंत रुतले, अशी एक. येत्या चंद्रग्रहणास पुन्हा मोठा भूकंप होणार, अशी दुसरी. पुढें 1950 मध्यें दार्जिलिंगकडे दरडी कोसळून मोठा नाश झाला. तेथील अफवांचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनीं केला, आणि त्यांस वेगळेंच दिसलें: जेथें नाश प्रत्यक्ष डोळ्यांपुढें होता, तेथें असलीं भयंकर भाकितें फैलावलीं नाहींत.

या दोहोंचा मेळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनीं 1957 मध्यें घातला. जेथें धक्का जाणवला परंतु नाश दिसला नाहीं, तेथें मनांत भय तर आहे, पण त्याचें कारण समोर नाहीं. अशा वेळीं मन आपल्या भयास शोभेल असें कारण निर्माण करतें. अफवा भीति उत्पन्न करते असा आपला समज असतो. येथें पाहतां भीतीच अफवेस जन्म देते. आमचें सोलापूर त्या दिवसांत नेमकें असेंच गांव होतें. धक्का बसलेलें, पण उभें राहिलेलें.

आपल्या भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत भय हा स्थायी भाव मानला आणि शंका, चिंता व त्रास यांस व्यभिचारी भावांत बसविलें. हा विवेक घरांतहि उपयोगी पडतो. येणाऱ्या-जाणाऱ्या शंका एकेक करून खोडीत बसलें तरी मूळ भय हालत नाहीं; तें आपल्या जागीं बसून दुसरी शंका पाठवितें. आम्ही काकूंच्या शंका खोडीत बसलों होतों, हीच आमची चूक.

ती सुधारली एका गवंड्यानें. गिलावा दुरुस्त करण्यास तो आला असतां काकूंनीं त्यास आपल्या पलंगामागची भिंत दाखविली. त्यानें ती ठोकून पाहिली, ओळंबा लावला, आणि म्हणाला, "मास्तर, भिंतीला पोट आलें आहे." आम्ही ज्या भिंतीखालीं त्यांस निजावयास सांगत होतों ती हीच! तेवढी भिंत उतरवून नव्यानें बांधली. फळीवरचे पितळी हंडे खालीं आणले. काकूंचा पलंग पुढील सोप्यांत, दाराजवळ, हलविला. त्या रात्रीं त्या कोणीं न सांगतां आंत येऊन निजल्या. आम्हीं त्यांची क्षमा मागितली. त्या एवढेंच म्हणाल्या, "भिंत पाहिलीस ना, झालें."

तेव्हां ज्या घरांत असा प्रसंग येईल तेथें पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, भ्यालेल्या माणसास हसूं नये; निदान भिंत पाहिल्याशिवाय तरी नाहींच. दुसरी, भूकंपाची तारीख व वेळ आधीं सांगण्याची विद्या आजहि जगांत कोणापाशीं नाहीं. म्हणून ज्या वार्तेंत वार आणि घटका दिलेली असेल, ती तेवढ्यावरूनच खोटी समजावी, मग ती ओट्यावर ऐकूं येवो कीं मोबाईलवर. तिसरी, मोठ्या भूकंपामागून लहान धक्के येतातच. पण त्यांची संख्या झपाट्यानें घटत जाते. जपानचे ओमोरी यांनीं 1894 मध्यें हा नियम दाखविला. स्थूलमानानें, पहिल्या दिवशीं शंभर असतील तर दहाव्या दिवशीं दहा. मधून एखादा जोराचा येतो. तेव्हां मुळींच येणार नाहीं असें वचन कोणास देऊं नये. आज दिलेलें खोटें वचन उद्यां आपलें खरें बोलणेंहि बुडवितें.

चौथी गोष्ट मुलांची. त्यांचें जेवण, शाळा व निजणें नेहमींच्या वेळीं चालूं द्यावें, आणि मृतांच्या कथा त्यांच्यासमोर पुनःपुन्हा उगाळूं नयेत. धक्का बसल्यास कोणीं कोणास उचलावयाचें, बाहेर कोठें जमावयाचें, हें त्यांच्याकडून एकदां करवून घ्यावें. मुलांस काम मिळालें कीं धीर येतो. आणि महिना उलटूनहि कोणाची झोप व अन्न परत आलें नाहीं, तर तो हट्ट न मानतां दुखणें मानावें आणि डॉक्टरांस दाखवावें.

आमच्या हिंगोलीकडील विद्यार्थ्यास उत्तर थोडक्यांत असें. मातोश्रींची समजूत पाडणारा लेख आमच्यापाशीं नाहीं. एक चांगला गवंडी बोलवा. त्यास घरभर हिंडवून आणण्याचें काम मातोश्रींकडेच द्या, आणि भिंती धड आहेत कीं नाहींत हें त्याच्याच तोंडून त्यांस ऐकूं द्या. तो दुरुस्ती सांगेल तर ती या पावसाळ्याआधीं उरका. तोंवर त्यांचें अंथरूण अंगणांत असेल तर असूं द्या, आणि घरांतील एकानें रोज रात्रीं त्यांच्याशेजारीं आपलेंहि घालावें.