धक्क्याचें स्तोम

एका दृश्यावरून दुसऱ्यावर एकाएकीं उडी मारणें हेंच आधुनिक चित्रकलेचें नव्हे, तर चित्रपटकलेचें मुख्य लक्षण होय, असा समज हल्लीं रूढ होत आहे. संथ चित्रण करणारा तेवढा जुनाट आणि क्षणोक्षणीं दचकविणारा तेवढा प्रतिभावान! या मताचे पुरस्कर्ते झाँ-ल्यूक गोदारच्या ‘ब्रेथलेस’ (१९६०) या बोलपटाचा दाखला देतात.

दाखला आम्हांस मान्य आहे. मात्र तो त्यांच्याच विरुद्ध जातो. चित्रपट फार लांबला, तेव्हां गोदारनें सबंध प्रसंग न गाळतां प्रसंगांच्या पोटांतूनच तुकडे कापले. मोटारींत बसलेली जीन सीबर्ग पाठमोरी तशीच राहते. भोवतालचें पॅरिस मात्र झटक्याझटक्यानें बदलतें, आणि नायकाचें बोलणें चालूच असतें. मधला काळ कापला आहे, हें प्रेक्षकापासून मुळींच लपविलेलें नाहीं. नायकाचें चित्तही तसेंच अस्थिर आहे. येथें धक्क्यास अर्थ आहे.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मध्यें नायक जळती काडी फुंकतो, तोंच वाळवंट समोर येतें. पण त्यानंतरचा सूर्य किती सावकाश उगवूं दिला आहे, हें आमचे मित्र सोईस्करपणें विसरतात. समेवर येण्याची ओढ आहे म्हणून तिहाई रंगते; नुसत्या तिहायांची मैफल कोण ऐकेल?

आज मोबाइलच्या पडद्यावर तीच मैफल अहोरात्र चालली आहे. वक्त्याच्या दोन वाक्यांमधला श्वाससुद्धां कापून टाकतात. माणूस कोठें अडखळला, कोठें विचारांत पडला, यावरूनच त्याच्या बोलण्याचा खरेपणा आपण जोखतों. तो विराम काढला कीं विचार करून बोलणारा आणि घोकून बोलणारा सारखेच दिसूं लागतात. शिवाय मध्यें काय गाळलें, हें विचारण्याचीही संवय सुटते. ज्या घरांतील मुलें हेंच पाहून वाढतात, त्यांना समोरच्या जित्या माणसाचा क्षणभराचा अबोलाही असह्य वाटला, तर दोष कोणाचा?

आमचा विरोध कात्रीशीं नाहीं. कात्रीवांचून चित्रपटच नाहीं. पण ‘कां कापलें?’ या प्रश्नास कापणाऱ्यानें उत्तर दिलें पाहिजे. ‘प्रेक्षक उठून जाईल म्हणून’ हें उत्तर दुकानदाराचें झालें, कलावंताचें नव्हे.