सापसुरळीचे आडनाव

गेवराईच्या गंगथडीपासून आष्टी-पाटोद्याच्या बरड माळापर्यंत बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. उन्हे चढली की गोठ्याच्या दगडी भिंतीवर किंवा कडब्याच्या गंजीशेजारी, अंगाला तेल चोपडल्यासारखी तकतकीत सापसुरळी ऊन खात पडलेली दिसेल. तिला पाहून बायाबापड्या दचकतात, पोरे दगड उचलतात. कुणी तिला सापाची मावशी म्हणते, कुणाच्या मते तिचे विष सापाहून जहाल. वास्तविक तिला ना विषाचे दात, ना विषाची पिशवी. किडे-अळ्या-नाकतोडे खायचे आणि संकट आलेच तर शेपटी तोडून टाकून बिळात पळायचे, एवढीच तिची शूरता. तरी आपण तिला मारतो. मारणाऱ्याला विचारा, ही कोणती सापसुरळी? तो म्हणेल, सापसुरळी म्हणजे सापसुरळी, तिच्यात आणखी कोणती कशाला?

माझा सगळा वाद या उत्तराशी आहे. पाल-सरड्यांच्या गणगोतातले सापसुरळ्यांचे हे कुळ जगात सतराशेहून अधिक जातींचे आहे. महाराष्ट्रात सर्रास दिसणाऱ्या जातींत एक चांगली दणकट, बदामी-तपकिरी पाठीची, दोन्ही बाजूंनी फिकट पट्टे असलेली. दुसरी तिच्याहून लहान. विणीच्या दिवसांत हिच्या नराचा गळा तांबूस होतो. तिसरी बारीक, लांबुळकी, नावापुरते पाय असलेली. हिच्या पिल्लांची शेपटी लालभडक असते आणि तेवढ्यावरून बिचारी जास्तच विषारी ठरते. या तिसरीला लिनियसने १७५८ सालीच नाव देऊन ठेवले होते. पहिलीला १८०१ मध्ये नाव दिले श्नायडर या जर्मन पंडिताने. हा गृहस्थ ग्रीक भाषेचा कोशकार होता! दुसरीचे बारसे १८५३ साली एडवर्ड ब्लिथने केले, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळताना.

नावे पडली, पण आडनावाचा घोळ पुढे दीडशे वर्षे चालला. शास्त्रात प्रत्येक प्राण्याला वंशाचे आणि जातीचे अशी दोन नावे असतात; वंशाचे म्हणजे आपल्या हिशेबी आडनाव. आशिया, आफ्रिका आणि अमेरिका अशा तिन्ही खंडांतल्या उष्ण प्रदेशांत दिसायला सारख्या असलेल्या ढीगभर सापसुरळ्या 'माबुया' या एकाच आडनावाखाली कोंबल्या गेल्या होत्या. माल्कम स्मिथने १९३५ साली 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या सरड्यांवरच्या खंडात आपल्या पहिल्या दोघींना त्याच गोणीत ठेवले. २००२ साली माउसफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासून ती गोणी सोडली आणि आत चार वेगवेगळी घराणी निघाली. माबुया हे नाव अमेरिकेतल्यांकडे राहिले. केप व्हर्दे बेटांवरच्या चिओनिनिया झाल्या. आफ्रिकेच्या घराण्याला दिलेले नाव वर्षभरातच बदलून ट्रॅकिलेपिस करावे लागले. आपल्याकडच्या झाल्या युट्रोपिस. हे नाव फिट्झिंगरने १८४३ मध्येच सुचवले होते. ते इतकी वर्षे अडगळीत पडून होते.

हा नुसता नावांचा खेळ नव्हे. अमेरिकेतली माबुया जिवंत पिल्ले देते, तीही सस्तन प्राण्यांसारख्या वारेतून पोसून. आपली युट्रोपिस मातीत अंडी घालते. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर फर्नांदो द नोरोन्या नावाचे बेट आहे. तिथली सापसुरळी शेजारच्या अमेरिकी घराण्यातली नाही, आफ्रिकेच्या घराण्यातली आहे. म्हणजे तिच्या पूर्वजांनी अटलांटिक ओलांडला. आपल्या युट्रोपिसचा माग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अनिरुद्ध दत्ता-रॉय, प्रवीण कारंथ आदींनी २०१२ साली लावला. हे घराणे आग्नेय आशियातून भारतात आले आणि इथे येऊन त्याला नव्या शाखा फुटल्या. गोठ्याच्या भिंतीवरची ती 'सापाची मावशी' एवढा प्रवास करून आलेली पाहुणी आहे.

पण हा माग लागतो कशावरून? कोणता प्राणी नेमका कुठे सापडला, या नोंदीवरून. त्या बाबतीत महाराष्ट्राचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. शिकागोच्या फील्ड संग्रहालयाच्या कार्ल श्मिटने १९२६ मध्ये एका भारतीय सापसुरळीला 'अलापल्लेन्सिस' हे नाव दिले, कारण ती तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या, आजच्या गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलात सापडली होती. आलापल्लीचे नाव त्यामुळे जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचे गेले. (हाच श्मिट १९५७ साली साप चावून वारला, आपली लक्षणे शेवटपर्यंत टिपून ठेवत होता.) गोऱ्या मोहिमा जंगलांकडे जात, शिकारीच्या आशेने. निजामाच्या मुलखातल्या उघड्याबोडक्या बालाघाटाकडे कोण कशाला वळेल?

आता कुणी गोरा येण्याची गरज उरलेली नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले. अठरा वर्षे हलगर्जी झाल्यावर राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा कुठे घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. मी चाळलेल्या अशा एका वहीत सरपटणारे प्राणी एका ओळीत उरकले होते : 'साप, पाल, सरडा, सापसुरळी इ.' त्या 'इ.'ला माझा आक्षेप आहे.

मला ठाऊक आहे, बीडमध्ये असे बोलणे चैनीचे वाटेल. जिथे टँकरची वाट पाहावी लागते, दिवाळी झाली की अर्धे गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जाते, तिथे सापसुरळीची जात विचारायची? हा प्रश्न रास्त आहे. पण तहान भागेपर्यंत बाकीचे ज्ञान थांबू द्या, हा न्याय आपण पुण्या-मुंबईला कधी लावत नाही. शिवाय वेळ फार नाही. या जिवाचे घर म्हणजे जुने बांध, दगडांच्या राशी आणि पडक्या गढ्या. जेसीबी दोन तासांत बांध सपाट करतो आणि बांधावर कोण राहत होते, हे विचारायचे राहून जाते.

या कामाला पैसा लागत नाही. अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारी मुले आहेत, हातात कॅमेऱ्याचे फोन आहेत. नोंदवहीतली ती एक ओळ खोडून तिथे तीन-चार रकाने आखावेत : पाठीचा आणि गळ्याचा फोटो, तारीख, शिवाराचे नाव, गट नंबर. काळ्या रानात दिसली की मुरमाड माळावर, एवढे लिहिले तरी पुष्कळ. आणि फोटो जिवंत प्राण्याचा असावा, ठेचलेल्याचा नको.