वैतरणेचे पाणी आणि मोखाड्याची भूक

बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील घरांत नळ उघडला की पाणी येते. ते कोठून येते, हा प्रश्न मात्र उपनगरवासीयांना क्वचितच पडतो. १८९२ चे तानसा, १९५७ चे मोडकसागर आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे पूर्ण झालेले मध्य वैतरणा ही धरणे वनवासी बांधवांच्या डोंगरदऱ्यांत उभी आहेत. तेथील पाणी जलवाहिन्यांतून महानगरात येते. त्याच मोखाड्यातील पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि तेथील बालके कुपोषणाने दगावतात.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. मंत्र्यांचे दौरे झाले, समित्या नेमल्या गेल्या. २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०१५ मध्ये गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आली. तरीही २०१६ मध्ये मोखाड्यातीलच खोच येथील बालमृत्यूने शासनाला पुन्हा जाब द्यावा लागला. योजनांचा दुष्काळ कधीच नव्हता; दुष्काळ होता तो त्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचवण्याच्या इच्छाशक्तीचा.

‘हे लोक अडाणी आहेत, भगताकडे जातात’ असे म्हणून सुशिक्षित समाज हात झटकतो. हा युक्तिवाद सोयीचा आहे, खरा नाही. भाताची कापणी संपली की गावात काम उरत नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. अंगणवाडी गावात राहते, बालक भट्टीवर. आहार, वजन, लसीकरण या साऱ्यांत खंड पडतो. कोवळ्या वयात लग्न झालेली, स्वतःच अर्धपोटी असलेली माता कमी वजनाच्या बाळाला जन्म देते. पावसाळ्यात कोठारातील धान्य संपते आणि त्याच दिवसांत जुलाब-ताप पाड्यात शिरतात. मृत्यूच्या दाखल्यावर ‘न्यूमोनिया’ लिहिले जाते. भुकेची नोंद कोठेच होत नाही.

एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून देशात आहे. अलीकडे स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणालीही आली. परंतु यंत्रणा नोंद ठेवते, घास भरवत नाही. घास भरवायला माणसे लागतात.

आणि ती माणसे फार दूरची असण्याचे कारण नाही. उपनगरांत जुन्या इमारती पाडून टोलेजंग मनोरे उठत आहेत. तेथे वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळणारे मजुराचे मूल कोणत्या अंगणवाडीच्या पटावर आहे, हे शेजारच्या सोसायटीने एकदा तरी विचारले आहे काय? ठेकेदाराला, नगरसेवकाला, अंगणवाडीसेविकेला हा प्रश्न विचारायला कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

ज्यांच्या डोंगरांनी शहराची तहान भागवली, त्यांच्या लेकरांची भूक ही शहराची जबाबदारी आहे. तिला दया म्हणणे हा त्या बांधवांचा अपमान होय. हे ऋण आहे, आणि ते फेडायचे राहिले आहे.