अठरा मिनिटांचा निबंध

दरवर्षीं शालान्त परीक्षा आटोपली, कीं शिक्षकांच्या खोलींत एक तक्रार हटकून ऐकूं येते : "मुलांना निबंध लिहितां येत नाहीं." मुलांची तक्रार निराळी असते. तीं म्हणतात, "सर, लिहिण्यासारखें पुष्कळ होतें, पण वेळ पुरला नाहीं." या दोहोंपैकीं दुसरी तक्रार मला अधिक विचारार्ह वाटते, कारण तिचें मूळ मुलांत नसून आम्हां शिक्षकांत आहे.

प्रथम हिशेब पाहूं. दहावीच्या कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेस ८० गुण व मूळ वेळ ३ तास. म्हणजे एका गुणास सव्वादोन मिनिटें. निबंधवजा लेखनास ८ गुण असतात. तेव्हां त्याच्या वांट्यास १८ मिनिटें येतात. सन २०२३ पासून अखेरीस वाढवून मिळालेलीं १० मिनिटें साऱ्या प्रश्नपत्रिकेकरितां असल्यामुळें या हिशेबांत फारसा फरक पडत नाहीं. आतां वर्षभरांत आपण मुलांस अशा १८ मिनिटांत किती वेळां लिहावयास बसवितों? बहुधा रीत अशी, कीं विषय सोमवारीं द्यावयाचा, मुद्दे फळ्यावर लिहून द्यावयाचे, आणि वही शुक्रवारीं मागावयाची. थोरल्या भावंडांस विचारून व मार्गदर्शिकेंतील उतारे घेऊन चार दिवसांत लिहिण्याची ज्यास संवय, त्यानें अनोळखी विषयावर एकदम लेखणी चालवावी, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. विहिरींत कधीं न उतरलेल्या मुलास पुराच्या पाण्यांत पोहावयास सांगण्यासारखेंच तें आहे.

या पेंचांतून सुटण्याकरितां पुष्कळजण पाठांतराचा मार्ग धरितात. आरंभींच्या वर्षांत मींही तो धरिला होता. वर्गाकडून पांच निबंध घोटून घेतले; त्यांत 'पहिला पाऊस' हा एक होता. चांचणी परीक्षेंत विषय निघाला, 'पाऊस आलाच नाहीं तर'. एका हुषार मुलानें हा विषय चार ओळींत गुंडाळला, आणि पुढें पानभर मातीचा सुगंध, इंद्रधनुष्य व कागदी होड्या यांचें वर्णन केलें. मीं त्यास बोलावून कारण विचारलें. तो म्हणाला, "सर, गेल्या उन्हाळ्यांत आमची विहीर आटली होती, पण तें तुम्हीं दिलेल्या निबंधांत नव्हतें." मी वरमलों. त्याच्याजवळ खरी सामग्री होती; ती वापरण्याची त्याची हिंमत मींच घालविली होती.

महामारीमुळें शाळा बंद राहिल्या व मुलांचा लिहिण्याचा सराव तुटला, तेव्हां सन २०२२ च्या परीक्षेंत मंडळानें ७० ते १०० गुणांच्या प्रश्नपत्रिकांस ३० मिनिटें अधिक दिलीं. तें योग्यच झालें. परंतु त्यावरून एक गोष्ट सर्वांच्या लक्षांत यावयास हवी होती : वेळेंत लिहिणें ही उपजत देणगी नव्हे, संवय आहे. ती मोडते, तशी लावितांही येते.

ती लावण्यास आठवड्यांतून एक तास पुरे. विषय वर्गांतच उघड करावा. पहिलीं ३ मिनिटें लेखणी खालीं ठेवून विषयांतला नेमका शब्द हेरावा व मुद्दे टिपावे. नंतर १३ मिनिटें लिहावें. उरलेल्या २ मिनिटांत वाचून चुका दुरुस्त कराव्या. प्रारंभीं एकूण ३० मिनिटें द्यावीं, आणि दिवाळीनंतर हळूहळू तीं १८ वर आणावीं. दर खेपेस सगळेच दोष तांबड्या शाईनें रंगवूं नयेत. एकच दोष धरावा, म्हणजे साठ वह्या तपासणारा शिक्षकही दमणार नाहीं, आणि मूलही धास्तावणार नाहीं.

घाईनें विचार उथळ होतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदींच खोटा नाहीं. म्हणून सावकाश, पुनःपुन्हां खोडून लिहिण्याचा निबंध बंद करूं नये. परंतु अर्ज, अपघाताची हकीकत किंवा सभेचा वृत्तान्त लिहिण्यास पुढील आयुष्यांत आठवडा मिळत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, पाठ केलेला निबंध दुसऱ्याचा असतो, आणि विषय थोडा बदलला, कीं तो तुम्हांस सोडून जातो. तुमच्या आटलेल्या विहिरीचें तसें नाहीं. तिच्याविषयीं अठरा मिनिटें लिहा. आम्हीं तें वाचावयास शिकूं.