एका ‘डॉट एच’पायी गेलेले मार्क

आज पाणीपुरवठा नाही, स्टँडसमोरचे खड्डे नाहीत. आज कॉम्प्युटरवर लिहितोय. ‘हे आपल्या कामाचं नाही’ म्हणून पुढं सरकू नका, कारण विषय आपल्याच पोरांच्या मार्कांचा आहे.

माझा भाचा डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात त्याची सी प्लस प्लसची प्रॅक्टिकल होती. पोरगं घरी लॅपटॉपवर मन लावून प्रोग्रॅम करायचं. ते मी डोळ्यांनी बघितलंय. प्रॅक्टिकलला पहिलीच ओळ त्यानं घरच्या सवयीनं लिहिली, ‘आयओस्ट्रीम’, पुढं ‘डॉट एच’ न लावता. लॅबमधल्या कॉम्प्युटरनं सांगितलं, असली फाइलच नाही. पुढच्या ओळीलाही एरर. पोरगं गांगरलं. एक्स्टर्नल आले, स्क्रीन बघितला, ‘आउटपुट नाही’ म्हणाले आणि पुढं गेले. घरी येऊन तोच प्रोग्रॅम त्यानं माझ्यासमोर चालवून दाखवला. एका दमात चालला. ‘मामा, माझं चुकलं काय ते तरी सांग,’ म्हणाला. मला सांगता येईना.

कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर, प्रॅक्टिकलला रिचेकिंग नसतं. विषय संपला म्हणे.

आता थोडं समजून घेऊ. पोरं प्रोग्रॅम लिहितात तो माणसाला वाचता येतो, मशीनला नाही. तो मशीनच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. आणि कंपायलर एकच नसतो. जीसीसी आहे, रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेला, १९८७ पासूनचा, फुकट आणि खुला. क्लँग आहे, २००७ साली खुला झालेला, तोही फुकट. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा आहे. आणि भाच्याच्या लॅबमध्ये जो निळा स्क्रीन आहे तो टर्बो सी प्लस प्लस ३.०. हा १९९१ सालचा. सी प्लस प्लस भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं १९९८ साली. म्हणजे भाषेचा कायदा व्हायच्या सात वर्षं आधीच्या न्यायाधीशासमोर माझा भाचा उभा होता. कायद्याप्रमाणं ‘डॉट एच’ नको. न्यायाधीश म्हणतो, पाहिजेच. उलट लॅबमधला प्रोग्रॅम पोरानं घरी आणला तर आजचा जीसीसी म्हणतो, ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ नावाची फाइल माझ्याकडं नाही, आणि ‘व्हॉइड मेन’ मी सी प्लस प्लसमध्ये चालवून घेत नाही. पोरानं ऐकायचं कुणाचं?

या प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजात मिळालं नाही. स्टँडमागं गाळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका सरांकडं मिळालं. नाव घालू नका म्हणाले, म्हणून घालत नाही. त्यांनी पोरांसाठी एक छोटं टूल लिहिलंय, रॅपर म्हणतात त्याला. चॉकलेटचा कागद नव्हे, पण अर्थ तोच, वरनं गुंडाळणारा. पोरानं एकच कमांड द्यायची. टूल तोच प्रोग्रॅम चारही कंपायलरकडं घेऊन जातं आणि चौघांची उत्तरं एकाखाली एक दाखवतं. चौथा म्हणजे टर्बो. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर तो थेट चालतच नाही, म्हणून त्याला डॉसबॉक्स नावाच्या खोट्या जुन्या मशीनमध्ये बसवायचा.

यात अवघड काय, असं मला वाटलं. सर हसले. अवघड हे, की चौघांशी बोलायची भाषा वेगळी. तयार फाइलला अमुक नाव दे, एवढं साधं सांगायचं तर जीसीसीला ‘डॅश ओ’ म्हणायचं, मायक्रोसॉफ्टला ‘स्लॅश एफ ई’, टर्बोला ‘डॅश ई’. आणि टर्बोत ‘डॅश ओ’ आहेच, पण त्याचा अर्थ दुसरा. चुका मोठ्यानं सांग म्हणायचं तर जीसीसीला ‘डॅश वॉल’, मायक्रोसॉफ्टला ‘स्लॅश डब्ल्यू फोर’, टर्बोला ‘डॅश डब्ल्यू’. पोरानं एकाच पद्धतीनं सांगायचं आणि टूलनं ज्याला जसं कळतं तसं भाषांतर करायचं.

हे ऐकलं आणि मला तहसीलसमोरचं झाड आठवलं. झाडाखाली टेबल टाकून बसलेला आपला माणूस काय करतो? गावाकडनं आलेल्या म्हाताऱ्याला फक्त ‘दाखला पाहिजे’ एवढं म्हणता येतं. हा बाबा ते तलाठ्याच्या, सर्कलच्या, सेतूच्या भाषेत उतरवून देतो. म्हातारा ‘रहिवासी’ म्हणतो, पण त्याला ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला हवाय की तहसीलचं डोमिसाइल, हे या माणसाला कळावं लागतं. शब्द तोच, कागद वेगळा. इथं गडबड झाली की म्हाताऱ्याचा हेलपाटा आणि नातवाची ॲडमिशन, दोन्ही गेलं.

कंपायलरमध्ये नेमकं असंच आहे. ‘डॅश वॉल’मधलं ‘ऑल’ ऐकून वाटतं, सगळ्या चुका सांगत असेल. नाही सांगत. जीसीसीमध्ये त्याच्यापुढं आणखी ‘एक्स्ट्रा’ मागावं लागतं. मायक्रोसॉफ्टकडं मात्र ‘वॉल’ म्हणजे खरंच सगळं, इतकं की त्यांच्या स्वतःच्या फाइलींबद्दलही तक्रारींचा ढीग पडतो. म्हणून तिथं ‘वॉल’चं भाषांतर ‘वॉल’ करायचं नाही, ‘डब्ल्यू फोर’ करायचं. गंमत म्हणजे क्लँगचंच एक रूप आहे, मायक्रोसॉफ्टच्या भाषेत सांगितलेलं समजून घेणारं, क्लँग सीएल. कंपायलर तोच, पण या वेशात त्याला ‘वॉल’ म्हटलं की तो त्याचा अर्थ ‘सगळंच्या सगळं’ असा घेतो.

म्हणजे हा आपल्या गावचा जुगाड नाही, जगभर चालतं. ऑटोमेक नावाचं जे जुनं टूल आहे त्याच्याबरोबर अशी एक स्क्रिप्टच येते, जीसीसीच्या पद्धतीनं दिलेल्या सूचना मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला कळतील अशा करून देणारी. सर तर म्हणाले, ज्याला आपण जीसीसी म्हणतो ती कमांडसुद्धा रॅपरच आहे, खरं काम आतले वेगळे प्रोग्रॅम करतात.

मग सरांनी एका पोराचा प्रोग्रॅम चालवला. दूध संकलनाचं बिल, आपल्या भागातलंच. ९०० लिटर दूध, ४० रुपये दर. जीसीसी म्हणाला ३६०००. क्लँग ३६०००. मायक्रोसॉफ्ट ३६०००. टर्बो म्हणाला उणे २९५३६. म्हणजे दूध घालून वर शेतकऱ्यानंच डेअरीला २९५३६ देणं! मी हसलो. म्हटलं, बघा, टर्बो चुकला.

सर म्हणाले, नाही, पोरगं चुकलं. टर्बोमध्ये साधा पूर्णांक १६ बिटचा, ३२७६७ च्या पुढं त्याला मोजता येत नाही. बाकीच्या तिघांत ३२ बिटचा. भाषेचा नियम पूर्णांक किमान १६ बिटचा असावा एवढंच सांगतो. म्हणजे टर्बो नियमातच आहे. ‘माझ्या मशीनवर चाललं म्हणजे बरोबर’ असं पोरानं धरलं, चूक ती. आणि ही चूक तिघांकडंच नेली असती तर दिसलीच नसती.

मी तिथं गप्प झालो. कारण मी टर्बोला झोडपायची पोस्ट मनात लिहून गेलो होतो. जुना कंपायलर आहे म्हणून तो शिव्या खायच्या लायकीचा, असं नाही. एकट्याला न्यायाधीश केला, हा घोटाळा. आणि एकट्याच जीसीसीला केला तरी घोटाळा तोच.

आता दुभाष्याचा दोष. हे लिहिल्याशिवाय पोस्ट अर्धवट राहील.

फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम प्रत्येक पोराच्या जर्नलमध्ये असतो. १३ चं फॅक्टोरियल ६२२७०२०८००. पण ३२ बिटच्या पूर्णांकात ते मावत नाही, उत्तर येतं १९३२०५३५०४. आकडा दिसायला झकास, उणे वगैरे नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. जीसीसी आणि क्लँगमध्ये एक जादा तपासणी लावता येते, सॅनिटायझर म्हणतात. ती लावली की प्रोग्रॅम चालताना ओरडतो, आकडा मावला नाही म्हणून. मायक्रोसॉफ्टकडं आकडा ओसंडल्याचं पकडणारी ही तपासणी नाही. टर्बोच्या काळात तर असली भानगडच नव्हती. मग रॅपरनं काय करायचं? सरांचं पहिलं टूल जे भाषांतर जमत नाही ते गुपचूप गाळायचं. एका पोरानं दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमवर ही तपासणी मागितली, चारही ठिकाणी शांत. पोरगं खूश, चौघांनी तपासून पास केलं. तपासलं होतं दोघांनीच.

सरांनी ते बदललं. आता टूल आधी छापतं की कुणाला नेमकी काय कमांड दिली, आणि जे सांगता आलं नाही त्याच्यापुढं ‘ही सूचना पोहोचली नाही’ असं लिहितं. पोरं कुरकुरतात, स्क्रीन भरतो म्हणून. भरू दे.

या बाबतीत माझा अनुभव जुना आहे. पेपरात लागलो तेव्हा आम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचो. पुढं युनिकोड आलं आणि कन्व्हर्टर आले. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराची तर वेगळीच तऱ्हा. कन्व्हर्टरनं हे सगळं हलवायचं. एका वाढदिवसाच्या पानभर जाहिरातीत रफार गळाला आणि ‘कार्यसम्राट’चं झालं ‘कायसम्राट’. गावानं ते ‘काय सम्राट!’ असं वाचलं. माफीची चौकट छापावी लागली ती मला, कन्व्हर्टरला नाही. तेव्हापासून बदललेला मजकूर मी पुन्हा वाचल्याशिवाय सोडत नाही. दुभाष्या पाहिजेच, पण त्यानं काय भाषांतर केलं ते आपल्याला दिसलं पाहिजे.

कॉलेजच्या एका प्राध्यापक मॅडमशीही बोललो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पोरं ६०, चालू मशीन २०, लॅब असिस्टंट एक. टर्बोचं फोल्डर पेनड्राइव्हनं टाकलं की काम सुरू, ना इन्स्टॉलची कटकट, ना इंटरनेट. जर्नल टर्बोचं, एक्स्टर्नलना सवय टर्बोची. ‘मी एकटीनं बदलून काय होणार?’ म्हणाल्या. मॅडम, तुम्हाला एकटीला दोष नाहीच. पण नोकरी द्यायला येणारी एकही कंपनी पोराला निळ्या स्क्रीनसमोर बसवणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि जीसीसीला पैसे लागत नाहीत, जुन्या मशीनवर तो चालतो.

माझी मागणी फार मोठी नाही. टर्बो काढून टाका असंही मी म्हणत नाही. प्रॅक्टिकल कुठल्या कंपायलरवर आणि भाषेच्या कुठल्या प्रमाणावर होणार, हे वर्षाच्या सुरुवातीला नोटीस बोर्डावर लावा. प्रोग्रॅम लॅबच्या कंपायलरवर अडला तर शून्य द्यायच्या आधी तो दुसऱ्या एखाद्यावर चालवून बघा. पोरगं भाषेच्या प्रमाणाप्रमाणं बरोबर असेल तर मार्क द्या. आणि हा रॅपर लॅबमध्ये बसवून घ्या. सर फुकट द्यायला तयार आहेत, अट एकच, खरी कमांड छापणारी ओळ कुणी बंद करायची नाही.

भाच्याचे मार्क परत येणार नाहीत, ते मला माहीत आहे. पुढच्या बॅचला प्रॅक्टिकल आहेच.

प्राचार्यांना द्यायचं पत्र टाइप करून ठेवलंय. पालकांनी सह्या करायला ऑफिसात या, संध्याकाळी सातपर्यंत मी असतो. शनिवारी चार वाजता सर क्लासमध्ये सगळ्यांसमोर टूल चालवून दाखवणार आहेत. पोरांनी आपापला एक प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन यावा, शक्यतो लॅबमध्ये अडलेला. प्राध्यापक मंडळींनाही बोलावलंय. मॅडम येते म्हणाल्यात.