नुसता आवाज नव्हे हो!

अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. त्यानंतर आणि अजूनही, अधूनमधून कुणीतरी ती नक्कल पाठवतं: "भाइयों और बहनों..." अहो, ते "बहनों और भाइयों" म्हणायचे! बहिणी आधी. ज्या चार शब्दांवर आपण माणूस आठवतो तेही उलटे, आणि खाली "जादुई आवाज". झालं.

मला हे 'जादुई आवाज' प्रकरणच मान्य नाही. आवाज कितीतरी जणांचे चांगले होते. सायानींकडे भाषा होती, आणि ती घरातून आली होती. आई कुलसुम सायानी 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवायच्या. नवसाक्षरांसाठी, सोप्या हिंदुस्तानीत, मजकूर एकच पण देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. पोरगा त्या कामात हातभार लावत वाढला. म्हणूनच 'पायदान' आणि 'सरताज गीत' हे शब्द आमच्या आजीलाही कळायचे, जिचं हिंदी भाजीवाल्यापलीकडे कधी गेलं नाही.

आता आमच्या काकांचा लाडका मुद्दा. (काका, वाचताय ना?) त्यांच्या मते बाळकृष्ण केसकर हे शेवटचे रसिक मंत्री. राष्ट्रीय संगीत कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन त्यांच्याच काळात सुरू झाले हे मान्य, एकदम मान्य. पण त्यासाठी १९५२ मध्ये आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार कशाला करायची? परिणाम काय झाला? ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. मुंबईत ध्वनिमुद्रण करायचं, टेप विमानाने कोलंबोला धाडायची, आणि गाणी तिथून परत आपल्याच घरात! केसकर मराठी, आणि १९५३ च्या 'अनारकली'चे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकरही मराठी. एका मराठी माणसाने दार लावलं आणि दुसऱ्याच्या चाली समुद्रापलीकडून आल्या. १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली ती उगाच नाही.

माझं आवडतं उदाहरण 'जनम जनम के फेरे'. १९५७ चा पौराणिक सिनेमा, संगीतकार एस. एन. त्रिपाठी. तो सिनेमा आज कोण बघतं? पण त्यातलं लता-रफीचं गाणं त्या वर्षी गीतमालेत पहिलं आलं, शंकर-जयकिशन, नय्यर, बर्मन असल्या सगळ्यांना मागे टाकून. असं गाणं कुठल्या समितीने निवडलं असतं?

हो, पैसा टूथपेस्टचा होता. आणि गाण्यांना नंबर लावायची खोड आपल्याला तिथूनच लागली, हा काकांचा आरोप मला खोडता येत नाही. 'अमुक गाणं कितव्या पायदानावर' यावरून मीही भावाशी बोलणं टाकलेलं आहे. पण नंबर लावायला आधी गाणं ऐकू तर यायला हवं ना, काका?

बुधवारी रात्री आठला आमच्याकडे रेडिओची पट्टी हळूहळू फिरवावी लागायची, खरखरीतून सिलोन सापडेपर्यंत. ती फिरवणारे काकाच होते. विचारा त्यांना.