निसटणाऱ्या उष्णतेचा हिशेब

पितळेची भांडी, उकडा तांदूळ आणि वरठीचे पोलाद या भंडारा जिल्ह्याच्या तिन्ही मालांना एक गोष्ट समान लागते, ती म्हणजे उष्णता. मालाच्या किमतीत कच्चा माल दिसतो, मजुरी दिसते. वाया गेलेली उष्णता मात्र कोणत्याच खातेवहीत दिसत नाही. मोठा कारखाना हे नुकसान पचवितो. लहान कारखान्यात ते अखेर मजुरीतूनच वळते होते.

रंग वाळविण्यासाठी किंवा ओला माल सुकविण्यासाठी अवरक्त किरणांचे गॅस-बर्नर वापरतात. त्यांत उघडी ज्योत नसते. गॅस आणि हवा यांचे मिश्रण बारीक छिद्रांच्या सिरॅमिक फरशीच्या पृष्ठभागावर जळते. फरशी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तिचे किरण मधली हवा फारशी न तापविता थेट मालावर पडतात. इंधनाची बचत होते ती यामुळे. परंतु नुसता बर्नर विकत घेतल्याने ती पदरात पडत नाही.

एक भाग प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारे २४ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर गॅस अर्धवट जळून विषारी कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. फार झाली तर तीच उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते. फरशीचे तापमान ९०० वरून ८५० अंशांवर उतरले, तर तिचे प्रारण सुमारे १६ टक्क्यांनी घटते. कारण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते. छिद्रांत धूळ साचणे, बर्नर व माल यांतील अंतर चुकणे, भोवती उष्णतारोधक आवरण नसणे, ही गळतीची आणखी कारणे होत.

शिवाय साधन कामाला साजेसे हवे. रंगाचा थर हे किरण शोषून घेतो. चकचकीत पितळ ते बहुतांशी परतवून लावते. भात गिरणीच्या बॉयलरला तर गिरणीतलेच तूस पुरते. तेथे गॅस आणणे म्हणजे घरची विहीर सोडून पाणी विकत घेणे होय.

गॅस महागला की कारखानदार आपोआप काटकसर करील, असे कोणी म्हणेल. पाठ्यपुस्तकही तेच सांगते. परंतु किंमत काटकसरीची इच्छा उत्पन्न करते, ज्ञान देत नाही. धुराड्यातील वायू तपासण्याचे उपकरण एकट्या लहान कारखानदारास परवडणारे नाही. तेच शंभर कारखान्यांत फिरविले तर प्रत्येकाच्या वाट्याला अल्प खर्च येतो. देशाला लागणारा निम्म्याहून अधिक एलपीजी परदेशातून येतो, म्हणून ही बचत केवळ खाजगी लाभाची बाब राहत नाही.

पेट्रोलियम संवर्धनासाठी १९७८ साली स्वतंत्र संस्था स्थापन झाली. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा आला. मात्र कायद्यातील ऊर्जा-तपासणीची सक्ती मुख्यतः मोठ्या ग्राहकांपुरती आहे. लहानांसाठी जिल्हा उद्योग केंद्राने असे एक उपकरण घ्यावे आणि तंत्रनिकेतन व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्षातून दोनदा प्रत्येक भट्टीची तपासणी करू द्यावी. विद्यार्थ्यांना विद्या मिळेल, कारखानदाराला आकडा मिळेल. नव्या यंत्रासाठी अनुदान मागण्यापूर्वी जुन्या यंत्रातून काय निसटते, हे मोजणे अधिक शहाणपणाचे आहे.